फ्लॅश घ्यावा अडाणी!

‘स्टार वॉर्स’मधला ल्यूक स्कायवॉकर ज्या निळ्या प्रकाशाच्या तलवारीने लढतो, तिची मूठ म्हणजे फ्लॅशगनचा दांडा आहे. थट्टा नव्हे! १९७७ साली आलेल्या त्या सिनेमाच्या सेटचं सामान जमवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनला लंडनमधल्या फोटोच्या एका दुकानात, धूळ खात पडलेल्या खोक्यात, अमेरिकेच्या ग्राफ्लेक्स कंपनीचे फ्लॅशचे दांडे मिळाले. तीन जाडे सेल पोटात मावतील अशी चकचकीत नळी. त्याने तिच्यावर काळ्या पट्ट्या चिकटवल्या, कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगांची पट्टी बसवली आणि झाली तलवार तयार. डार्थ व्हेडरच्या मुठीचं कुळही फ्लॅशचंच, फक्त तो दांडा एमपीपी या ब्रिटिश कंपनीचा. आता ग्राफ्लेक्सचा असा दांडा बाजारात आला की फोटो काढणाऱ्याच्या आधी सिनेमावेडे तो उचलतात, आणि त्यासाठी मोजतात त्या पैशांत एखादा बरा कॅमेरा सहज आला असता.

जुन्या फ्लॅशच्या बाजाराचा हा पहिला धडा: किंमत आणि उपयोग यांची गाठ पडेलच असं नाही. मामांच्या कपाटातून निघालेल्या पेंटॅक्ससाठी किंवा मुंबईच्या बोरा बाजारात घासाघीस करून घेतलेल्या याशिकासाठी खिशात मावेल असा फ्लॅश शोधायला निघालात, तर दुकानातला सगळ्यात हुशार आणि महाग फ्लॅश नेमका कुचकामी निघायची शक्यता जास्त. जुन्या कॅमेऱ्याला फ्लॅश लागतो तो अडाणी. पायाला एकच टाचणी, स्वतःचा एक डोळा आणि पोटात दोन पेन्सिल सेल. बाकी सगळा थाट.

एक टाचणी पुरे

कॅमेऱ्याच्या डोक्यावर जी खाच असते तो हॉट शू. तिच्या मधोमध धातूचा एक ठिपका, आणि फ्लॅशच्या पायाला त्या ठिपक्यावर टेकणारी एक टाचणी. शटर पूर्ण उघडलं की कॅमेरा आतल्या आत दोन धातू जुळवतो, फ्लॅश उडतो, काम संपलं. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं जवळजवळ तसाच बनत राहिलेला पेंटॅक्स के१००० फ्लॅशशी याहून जास्त काही बोलत नाही.

हल्लीच्या फ्लॅशच्या पायाला चार-पाच टाचण्या असतात. अंतर किती, रोल कोणता, प्रकाश पुरला का, अशा गप्पा कॅमेऱ्याशी मारण्यासाठी त्या आहेत. के१०००ला त्यातलं अवाक्षर कळत नाही. मग असा फ्लॅश एक तर दर वेळी सगळी ताकद लावून उडतो, नाहीतर रुसून बसतो. म्हणून फ्लॅश हातात घेतला की आधी पाठ बघायची. ‘एम’ म्हणजे मॅन्युअल किंवा ‘ऑटो’ असं बटण दिसलं तर बोलणी पुढे न्यायची. नुसतं ‘टीटीएल’, म्हणजे कॅमेऱ्याच्या हुकमावर चालणारं, लिहिलं असेल तर नमस्कार करून निघायचं.

हॉट शूच्या आकाराचं प्रमाण ठरलेलं आहे, तरी प्रत्येक कंपनीला कधी ना कधी वेगळं वागायची हुक्की आली. मिनोल्टाने १९८८ मध्ये स्वतःचाच नवा शू काढला. त्यावर जगातला साधा फ्लॅश बसत नाही, अडॅप्टर लावावा लागतो. मिनोल्टाचा कॅमेरा-धंदा पुढे सोनीकडे गेला, तेव्हा तो शूही आंदण म्हणून सोबत गेला आणि २०१२ पर्यंत टिकला. त्याहून मजा कॅननची: २०१९ मध्ये आलेल्या ईओएस २००डी मार्क २ या डिजिटल कॅमेऱ्यातून त्यांनी मधला ठिपकाच काढून टाकला! थोडक्यात, पन्नास वर्षांपूर्वीच्या के१०००वर जो साधा फ्लॅश चालतो, तो या कॅमेऱ्यावर मुका.

बसायचं कुठे?

आता एक-एक नग बघा.

रोलाय ३५. १९६६ साली हाइन्झ वास्केने बनवलेला, सिगारेटच्या पाकिटाहून फार मोठा नसलेला देखणा कॅमेरा. एवढ्याशा डोक्यावर जागा उरली नाही, म्हणून हॉट शू गेला तळाला. फ्लॅश खालून लटकतो. कॅमेरा सरळ धरलात तर माणसाच्या हनुवटीखालून प्रकाश पडतो आणि लग्नातली मावशी भुताच्या नाटकातली वाटू लागते. उपाय सोपा: कॅमेराच उलटा धरायचा. फिल्मला वर-खाली काही कळत नाही.

ऑलिंपस ओएम-१. हा १९७२ मध्ये ‘एम-१’ या नावाने बाजारात आला. लायकाने ‘एम’ आमचं आहे म्हणून हरकत घेतली आणि त्याच्या नावामागे ‘ओ’ लागला. या कॅमेऱ्यावर शू मुळात नाहीच. तो वेगळा विकत घेऊन वर स्क्रूने बसवायचा. आणि तो प्लॅस्टिकचा तुकडा म्हातारपणी हमखास तडकतो. कॅमेरा ठणठणीत, शू मोडका, अशी बरीच ओएम-१ दिसतात. तेव्हा ओएम-१ घेताना ‘शू आहे का, आणि आख्खा आहे का’ हे दोन्ही प्रश्न विचारायचे. नसेल तर कॅमेऱ्याच्या अंगावर वायरीचं भोक आहे, त्यावर काम भागतं.

निकॉन एफ२ आणि एफ३. व्यावसायिकांचे लाडके, दणकट. पण फ्लॅश बसतो कुठे? रोल गुंडाळायच्या चकतीवर! तोही निकॉनच्या स्वतःच्या पद्धतीने, साधा फ्लॅश बसवायचा तर मध्ये जोडणी हवी. रोल संपला की फ्लॅश उतरवा, गुंडाळा, नवा भरा, फ्लॅश चढवा. बातमीदार फोटोग्राफर हे सगळं धावपळीत करत असत, हे लक्षात आलं की त्यांच्याविषयी आदर वाढतो.

लायका एम३, १९५४ चा. शू आहे, पण थंड. म्हणजे फ्लॅशला बसायला पाट दिलाय, वीज नाही. पाठीमागे दोन भोकं आहेत, एक बल्बच्या फ्लॅशसाठी, दुसरं इलेक्ट्रॉनिकसाठी. भोकांचा घाटही लायकाचा खासगी, त्यामुळे साध्या वायरीला अडॅप्टर जोडावा लागतो. हौसेला मोल नसतं, लायकावाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि ऑलिंपस एक्सए. योशिहिसा माइतानीने १९७९ मध्ये आणलेला, सरकत्या झाकणाचा, शर्टाच्या खिशात जाणारा. त्याला शूच नाही. ए११ नावाचा त्याचा स्वतःचा चिमुकला फ्लॅश बाजूने स्क्रूने जोडला जातो आणि कॅमेरा तेवढा लांब होतो. एक्सए घ्यायचा तर ए११ किंवा त्याचा थोरला भाऊ ए१६ सोबत मिळतोय का ते बघा. हॉट शूवाला साधा फ्लॅश त्याच्या कुशीत बसणार नाही.

बाकी पन्नास-साठच्या दशकांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांवर एक बारीक गोल भोक सापडेल, भिंगाच्या बाजूला नाहीतर अंगावर. त्याला पीसी सॉकेट म्हणतात. प्रॉन्टर आणि कॉम्पुर या दोन जर्मन शटरांच्या नावांवरून ते आलंय, संगणकाशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्यात बसणारी वायर ही फोटोग्राफीतली सगळ्यात बेभरवशाची वस्तू; ऐन मंगलाष्टकांत निसटून लोंबकळायची तिची जुनी खोड. तरी तिचा एक फायदा आहे. वायर लांब असेल तर फ्लॅश डाव्या हातात धरून बाजूला नेता येतो आणि चेहऱ्याला उठाव येतो. म्हणून फ्लॅश घेताना त्याला वायरीचं भोक आहे ना, एवढं बघून ठेवा.

धूर, बल्ब आणि ‘एम’ची खुंटी

१८८७ मध्ये जर्मनीत अडोल्फ मिथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत ऑक्सिजन सोडणारी रसायनं मिसळून फ्लॅशची दारू बनवली. भपकन उजेड, मागोमाग पांढरा धूर, अंगावर राख. न्यू यॉर्कच्या अंधाऱ्या चाळींचे फोटो काढायला जेकब रीस हीच दारू घेऊन फिरला. त्या फोटोंमुळे शहरातल्या गरिबांच्या घरांचा प्रश्न ऐरणीवर आला, पण या भानगडीत त्याने दोनदा घराला आग लावली आणि एकदा स्वतःलाही, हे त्यानेच लिहून ठेवलंय.

१९२९ मध्ये जर्मनीत बल्ब आला: काचेच्या गोळ्यात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि ऑक्सिजन. धूर गेला, पण एक बल्ब एकच फोटो. त्या काळच्या समारंभांत फोटोग्राफरच्या खिशात बल्ब खुळखुळायचे आणि पायाखाली वापरलेल्या बल्बांचा सडा पडायचा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिक कॅमेरा खांद्याला लावून दिल्लीत काम करत, तो हाच जमाना. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

सिल्व्हेनिया कंपनीच्या बल्बांच्या आत एक निळा ठिपका असायचा. शोभेचा नव्हे, कोबाल्टच्या क्षाराचा. काचेला बारीक तडा जाऊन ओलसर हवा आत शिरली की ठिपका गुलाबी व्हायचा. असा बल्ब उडवला तर फुटून अंगावर काच येण्याची भीती. गुलाबी दिसला की फेकून द्या, एवढं साधं. आजच्या कुठल्याही उपकरणावरच्या लुकलुकत्या इशाऱ्यापेक्षा हा ठिपका मला जास्त शहाणा वाटतो.

हा इतिहास उगाच उगाळत नाही. त्याचं एक पिल्लू तुमच्या कॅमेऱ्यावर अजून बसलंय. बल्ब पेटून पूर्ण तेजात यायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग घेतो. म्हणून कॅमेरे आधी बल्ब पेटवायचे आणि जरा थांबून शटर उघडायचे. ती सोय म्हणजे ‘एम’ची खुंटी. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला असं ताटकळणं जमत नाही. तो लखकन येतो आणि जातो. त्याच्यासाठी ‘एक्स’. याशिका-मॅटसारख्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यात आणि लायकासारख्या अनेकांत दोन्ही सोयी आहेत. खुंटी चुकून ‘एम’वर राहिली, तर फ्लॅश उडून विझल्यानंतर शटर उघडतं. सगळ्यांचे डोळे दिपतात, सगळे खूश, आणि रोल धुऊन आला की सगळे फोटो काळेकुट्ट. अशा वेळी बिचाऱ्या फ्लॅशला दोष देऊन लोकांनी चांगले फ्लॅश भंगारात घातलेत.

अमेरिकन बाजारातले जुने इन्स्टामॅटिक कॅमेरे कधी कधी आपल्याकडे येतात, त्यांच्या डोक्यावरच्या ठोकळ्याचा सापळा वेगळाच. १९६५ चा फ्लॅशक्यूब, चार बाजूंना चार बल्ब, दर फोटोला पाव वळसा. तो पेटवायला सेल लागतो. १९७० चा मॅजिक्यूब दिसायला सख्खा जुळा भाऊ, पण त्यात स्प्रिंगच्या ठोक्याने बल्ब पेटतो, सेलचा संबंध नाही. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. दोन्ही बनायचे कधीच थांबले, तेव्हा अशा कॅमेऱ्याला कपाटातली मानाची जागा द्या आणि पुढे चला.

पडद्याची ओढाताण

फिल्मच्या कॅमेऱ्यांची शटरं दोन जातीची. एक भिंगात बसलेलं, पाकळ्यांचं. दुसरं फिल्मच्या पुढ्यात, पडद्यांचं. पडद्याच्या शटरला वेग वाढवायचा तर पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आतच दुसरा त्याच्यामागे धावू लागतो, म्हणजे फिल्मसमोरून नुसती एक फट सरकत जाते. त्या क्षणी फ्लॅश उडाला तर फटीपुरती माणसं उजळतात आणि बाकी काळोख. ग्रुप फोटोत अर्धे काका गायब दिसले तर कारण बहुधा हेच.

त्यामुळे अशा कॅमेऱ्यांना फ्लॅशसाठी एक कमाल वेग ठरलेला. के१०००, कॅनन एई-१ आणि ओएम-१ यांचा १/६०. एफ३चा १/८०. निकॉन एफएम२ने १९८२ मध्ये १/२०० गाठून खळबळ उडवली आणि सुधारित रूपात १/२५० केला. शटरच्या चकतीवर हा आकडा बहुतेक वेळा लाल रंगात नाहीतर ‘एक्स’ची खूण करून दिलेला असतो.

पाकळ्यांच्या शटरला ही कटकटच नाही. याशिका-मॅट, रोलाय ३५, कॅनोनेट हे सगळे १/५०० वरही निर्धास्त. म्हणजे भर दुपारी, टळटळीत उन्हात, फेट्याची सावली चेहऱ्यावर पडलेल्या नवरदेवाला छोट्याशा फ्लॅशने उजळायचं तर तीस-चाळीस हजारांच्या एसएलआरपेक्षा जुना पाकळ्यांचा कॅमेरा सरस. चिमुकल्या फ्लॅशची खरी जोडी या मंडळींशीच जमते, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

बरं, १/६० हा वेग कमी वाटतो ना? नाचणारी पोरं हलतील ना फोटोत? अंधारात नाही हलत. फ्लॅश पेटतोच मुळी सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ. जवळच्या वस्तूवर ऑटो फ्लॅश वीस हजाराव्या भागातही आटोपतो. अंधाऱ्या खोलीत तोच तुमचं खरं शटर. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने हे तत्त्व टोकाला नेलं: १९६४ मध्ये त्याने सफरचंदातून आरपार निघालेली गोळी फोटोत गोठवली. दुसऱ्या महायुद्धात त्याचेच महाकाय फ्लॅश विमानात बसवून रात्रीच्या अंधारात नॉर्मंडीची जमीन टिपली गेली. आपल्या खिशातल्या फ्लॅशच्या झेनॉनच्या नळीत तेच तत्त्व आहे, विमानाशिवाय.

स्वतःचा डोळा

प्रत्येक फ्लॅशला गाइड नंबर असतो. त्याला अंतराने भागलं की ॲपर्चर मिळतं. १०० चा रोल आणि गाइड नंबर २० असेल, तर अडीच मीटरवर एफ/८, पाच मीटरवर एफ/४. रोल ४०० चा घातला की नंबर दुप्पट धरायचा, २०० चा असेल तर साधारण दीडपटीला थोडा कमी. एवढंच गणित, चौथीतली पोरं करतील.

यात विक्रेत्यांची एक चलाखी मात्र ओळखून असा. जुन्या अमेरिकन जाहिरातींत गाइड नंबर फुटांत असतो. ‘६६’ वाचून हुरळून गेलात तर मीटरमध्ये तो २० निघतो.

न्यू यॉर्कचा गुन्हेगारी फोटोग्राफर वीजी या गणिताच्याही फंदात पडला नाही. त्याचं ठरलेलं: एफ/१६, १/२००, दहा फूट. खून असो, आग असो, दहा फुटांवर जाऊन उभं राहायचं आणि बल्ब उडवायचा. निकॉनने उलट मार्ग धरला. १९६९ मध्ये त्यांनी जीएन निक्कोर नावाचं ४५ मिमीचं भिंग काढलं. त्यावर एकदा गाइड नंबर लावला की फोकस फिरवताना ॲपर्चर आपोआप फिरतं. जवळ गेलात, बंद होतं. लांब गेलात, उघडतं. सगळं यांत्रिक, आत एकही सेल नाही.

पण रोजच्या वापराला यावर सोपा उतारा म्हणजे ऑटो फ्लॅश. त्याच्या तोंडावर बारीक काचेचा एक डोळा असतो. फ्लॅश उडतो, समोरच्या माणसावर आपटून प्रकाश परत येतो, पुरेसा आला की डोळा आतली वीज तोडतो. पुढच्या काळातल्या थायरिस्टरवाल्या फ्लॅशांत उरलेली वीज वाया न जाता साठून राहते, म्हणून पुढचा फोटो लवकर मिळतो आणि सेल जास्त टिकतात. तुम्ही फक्त पाठीवरच्या तक्त्यात बघून ॲपर्चर लावायचं, उदाहरणार्थ १०० ला एफ/४, आणि विसरून जायचं. कॅमेऱ्याला यातलं काहीही कळायची गरज नाही. अडाण्याशी अडाण्याचं छान जमतं ते असं.

१९६७ पासून १९८४ पर्यंत बनलेला आणि एक कोटीहून जास्त खपलेला ऑलिंपस ट्रिप ३५ घ्या. त्याच्या चकतीवरचा ‘ए’ सोडून ॲपर्चरचा आकडा लावला की शटर १/४० वर जातं. ऑटो फ्लॅश एफ/५.६ म्हणतोय, तर कॅमेऱ्यावर ५.६. झालं! या कॅमेऱ्याला स्वतःला सेलसुद्धा लागत नाही.

डोळ्याच्या काही मर्यादा आहेत. पांढरीशुभ्र साडी समोर भरून राहिली तर तो लवकर वीज तोडतो आणि साडी करडी येते. मागे काळं मैदान असेल तर जास्त उडतो आणि चेहरे भाजतात. आणि डोळ्यावर बोट ठेवू नका. सांगायला बावळट वाटतं, पण छोट्या फ्लॅशवर बोट नेमकं तिथेच येतं.

ताकदीचा मोह टाळा, असंही सांगेन. गाइड नंबर १२ च्या चिमुकल्या फ्लॅशवर ४०० चा रोल आणि एफ/२.८ म्हणजे साडेआठ मीटरची मजल. घरातल्या वाढदिवसाला, हॉटेलातल्या टेबलाला भरपूर. त्यापलीकडे तसंही काही होत नाही. वानखेडेच्या गॅलरीतून रात्रीच्या सामन्यात उडवलेला फ्लॅश खेळपट्टीवर पोचत नाही, फक्त पुढच्या रांगेतल्या काकांचं टक्कल उजळतं. छतावर प्रकाश मारून मऊ करायची आवड असेल तर मात्र मोठा आणि मान वळणारा फ्लॅश हवा, मग खिशाचा नाद सोडा.

लाल डोळे

अंगच्या फ्लॅशचा पहिला गाजलेला ३५ मिमी कॉम्पॅक्ट कॅमेरा म्हणजे १९७५ चा कोनिका सी३५ ईएफ. जपानमध्ये त्याचं लाडाचं नाव ‘पिक्कारी’. आपल्याकडच्या कितीतरी घरांत याशिका एमएफ-२ने तीच जागा पटकावली. सोय मोठी, पण फ्लॅश भिंगाला खेटून. मंद उजेडात बाहुल्या विस्फारलेल्या, फ्लॅशचा प्रकाश सरळ आत जाऊन डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवरून तसाच परत भिंगात. म्हणून त्या काळच्या अल्बमात आख्खं खानदान लाल डोळ्यांचं. हॉट शूवरचा वेगळा फ्लॅश चार बोटं उंच असला तरी हा त्रास पुष्कळ कमी होतो. यासाठी तरी तो घ्यावा.

व्होल्टांचा धाक

‘जुना फ्लॅश लावला की कॅमेरा जळतो’ ही भीती अर्धी खरी. काही जुन्या फ्लॅशांच्या टाचणीवर भलताच दाब असतो. जपानी बनावटीच्या सुरुवातीच्या व्हिव्हिटार २८३वर तो २०० व्होल्टच्या पुढे मोजला गेलाय, तर त्याच नावाच्या पुढच्या नगांवर तो १० च्या आत. के१००० किंवा याशिका-मॅटसारख्या यांत्रिक कॅमेऱ्याला याचं फारसं देणंघेणं नाही. तिथे दोन धातू एकमेकांना टेकतात, इतकंच. धोका आहे तो पोटात सर्किट असलेल्या कॅमेऱ्यांना, आणि त्यातही डिजिटलला. आताचं आंतरराष्ट्रीय प्रमाण २४ व्होल्टचं आहे, आणि कॅननच्या काही कॅमेऱ्यांना ६ व्होल्टच झेपतात. मल्टिमीटर डीसीवर लावा, फ्लॅश पूर्ण चार्ज होऊ द्या, एक टोक टाचणीला आणि दुसरं पायाच्या बाजूच्या पट्टीला. आकडा दिसेल. जुन्या डिजिटलवर हाच फ्लॅश वापरायचा मोह होणार असेल तर हे आधी करा.

फ्लॅशचं पोट उघडायचा मोह मात्र मुळीच नको. दोन पेन्सिल सेलांचे तीन व्होल्ट आत तीनशेच्या घरात चढवलेले असतात, आणि सेल काढून ठेवल्यावरही कपॅसिटर बराच वेळ भरलेला राहतो. यूज-अँड-थ्रो कॅमेरे उघडून खेळणाऱ्या पोरांना त्याचा झटका पाठ आहे.

काय घ्यावं मग?

कॅनन एई-१ असेल तर त्याच्याच पिढीचा स्पीडलाइट १५५ए. तो चार्ज झाला की कॅमेऱ्याचं शटर आपोआप १/६० वर येतं. १९७६ साली ही जादू होती. ओएम-२ असेल तर टी२०. ओएम-२ने १९७५ मध्ये फिल्मवर पडलेला प्रकाशच मोजून फ्लॅश थांबवायची युक्ती पहिल्यांदा आणली, आणि टी२०ला ती साधते. शिवाय स्वतःचा डोळाही आहे, म्हणजे तो इतर कॅमेऱ्यांवरही चालतो. पेंटॅक्ससाठी एएफ१६० किंवा एएफ२००. सनपॅक आणि नॅशनलचे छोटे ऑटो फ्लॅश आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंतून अजून निघतात, आणि त्यांना कुणी विचारत नसल्यामुळे स्वस्त असतात. आत बसवलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी असलेले साठ-सत्तरच्या दशकांतले नग मात्र टाळा. ती बॅटरी केव्हाच मेलेली असते.

नवं कोरं हवं असेल तर गोडॉक्सचा लक्स ज्युनियर आहे. रूप जुनं, गाइड नंबर १२, दोन बारीक सेल, मॅन्युअलमध्ये १/६४ पर्यंत खाली येतो, ऑटो आहे, वायरीचं भोकही आहे. जुन्या कॅमेऱ्यावर शोभतो. त्याचा मोठा भाऊ लक्स सीनियर पंख्यासारखी उघडणारी चकचकीत तबकडी घेऊन येतो. त्यात फोटोपेक्षा मिरवणं जास्त, पण मिरवायला हरकत काय? खिसा फारच छोटा असेल तर त्याच कंपनीचा नुसता मॅन्युअल आयएम३०. डोळा नाही, गणित तुमचं.

पोलरॉइडच्या एसएक्स-७०चं दुखणं वेगळं. त्याला दहा बल्बांची पट्टी लागायची, पाच पुढे, पाच मागे. त्या पट्टीच्याच जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आता मिंट ही कंपनी बनवते.

दुकानातली परीक्षा

फ्लॅश जुना असेल तर आधी सेलचा कप्पा बघा. हिरवट पांढरी भुकटी दिसली की सेल आत गळलेत. थोडी असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने निघते, पट्टीच खाल्ली असेल तर सोडून द्या. मग ताजे सेल घालून चालू करा. बारीक शिट्टीसारखा चढत जाणारा आवाज येतो तो कपॅसिटर भरण्याचा. वर्षानुवर्षं पडून राहिलेला फ्लॅश पहिल्यांदा चार्ज व्हायला मिनिटभरही लावतो. घाबरू नका, दहा-बारा वेळा उडवला की कपॅसिटर पुन्हा जागेवर येतो आणि वेळ कमी होत जातो. तो होत नसेल तर परत द्या. डोळा चालतो का बघायचं तर ऑटोवर ठेवून पांढऱ्या भिंतीला खेटून उडवा, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे. जवळचा ठोका हलका आणि लगेच पुन्हा तयार, लांबचा जोरदार, असं व्हायला हवं. दोन्ही सारखेच असतील तर डोळा गेला.

शेवटी कॅमेरा आणि फ्लॅश एकत्र. रोल न भरता कॅमेऱ्याची पाठ उघडा, ॲपर्चर पूर्ण मोकळं, शटर ठरलेल्या वेगावर. भिंतीकडे रोखून पाठीमागून भिंगात बघत बटण दाबा. प्रकाशाची पूर्ण चौकट लखकन दिसली की जोडी जमली. अर्धीच दिसली तर वेग जास्त आहे. काहीच दिसलं नाही तर खुंटी ‘एम’वर आहे का बघा. वेग एक-एक पायरी खाली आणत हे चार-पाच वेळा करायला हरकत नाही. दुकानदार वैतागलाच, तर त्याच्याकडून जास्तीचे चार पेन्सिल सेल घेऊन टाका, लागतातच.